रुग्णाची विचारपूस आणि कयामतचा प्रश्न

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील मुस्लिम कुटुंबांची ख्रिस्ती धर्माशी ओळख झाली ती ग्रंथांतून नव्हे, तर दवाखान्यातून आणि शाळेतून. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत अडलेले बाळंतपण असो, मोतीबिंदू असो वा पोटातील गाठ असो, लोक मिरजेच्या मिशन हॉस्पिटलची वाट धरीत. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे या भागात आले आणि १८९४ साली मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. सांगली आणि मिरज यांच्या मधली वॉन्लेसवाडी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. साताऱ्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि आयुष्याची अखेरची दोन वर्षे त्यासाठी दिली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे ‘स्मृतिचित्रे’ मराठी साहित्य शिकणाऱ्या कोणाही विद्यार्थ्याला टाळता येत नाही. प्रस्तुत लेखकालाही ते टाळता आले नाही.

आज आपली मुले मिशनच्या शाळांत शिकतात, आपल्या मुली परिचारिकेचे शिक्षण घेतात. तेथील प्रार्थनेत, भाषणात किंवा भिंतीवरच्या फलकावर त्यांना शुभवर्तमानातील एक उतारा वारंवार भेटतो. न्यायाच्या दिवशी राजा विचारतो, मी भुकेला, तहानेला, आजारी असताना तुम्ही काय केले, असा त्याचा आशय आहे. घरी येऊन मुले म्हणतात, “हे तर आपल्या हदीससारखेच आहे.” मग आई-वडील इमामाला विचारतात: हे ऐकावे का? आवडले तर ईमानाला धक्का लागतो का? आणि त्याचा खरा अर्थ आपण काय समजावा?

प्रश्न साधा दिसतो, परंतु त्यात ईमानही गुंतले आहे आणि न्यायही. आपल्या श्रद्धेचे रक्षण व्हावे आणि दुसऱ्याच्या ग्रंथावर अन्यायही होऊ नये, अशी दुहेरी जबाबदारी आपल्यावर आहे. सूरह माइदाच्या आठव्या आयतीत अल्लाहने आज्ञा दिली आहे की, एखाद्या समूहाशी असलेले वैरही तुम्हाला न्यायापासून ढळवू नये. वैर असतानाही जर न्याय सोडायचा नाही, तर ज्यांच्याशी आपले वैर नाही, उलट ज्यांच्या हातून आपल्या वडीलधाऱ्यांनी औषध घेतले, त्यांच्या ग्रंथाचा अर्थ लावताना न्याय सोडणे कसे क्षम्य ठरेल?

वाचावे की नाही?

या बाबतीत दोन्ही बाजूंच्या रिवायती आहेत आणि दोन्ही समोर ठेवल्या पाहिजेत. मुसनद अहमदमध्ये असे आले आहे की, हजरत उमर (रजि.) यांच्या हाती पूर्वीच्या ग्रंथातील काही मजकूर पाहून प्रेषितांनी (स.) नाराजी व्यक्त केली. या रिवायतीच्या सनदीवर मुहद्दिसांनी चर्चा केली असली, तरी तिच्यातील इशारा गंभीर आहे: पूर्ण मार्गदर्शन हाती असताना ते सोडून दुसरीकडे धाव घेऊ नये. दुसरीकडे सहीह बुखारीत बनी इस्राईलच्या हकिकती सांगण्यास हरकत नसल्याची अनुमती आहे. आणि ग्रंथधारक जे सांगतात त्याला एकदम खरेही म्हणू नका आणि खोटेही म्हणू नका, अशी शिकवणही त्याच संग्रहात आहे. हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना तर प्रेषितांनी (स.) स्वतःच यहुद्यांची लिपी शिकण्यास सांगितले होते, असे तिर्मिजीत नमूद आहे.

हाफिज इब्ने हजर यांनी ‘फतहुल बारी’त या रिवायतींचा मेळ घालताना वाचणाऱ्याच्या स्थितीकडे लक्ष वेधले आहे. ज्याचे ईमान अद्याप रुजलेले नाही त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याचा पाया पक्का आहे त्याला, विशेषतः गरज असताना, मनाई नाही. आपल्या देशात याची उदाहरणे आहेत. मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांनी १८५४ साली आग्र्यात पाद्री फांडर यांच्याशी जाहीर वाद केला, तो बायबल आणि त्यावरील युरोपीय विद्वानांचे ग्रंथ अभ्यासून. सर सय्यद अहमद खान यांनी १८६२ पासून बायबलवर भाष्य प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यात मत्तयच्या पहिल्या पाच अध्यायांचा समावेश आहे. एकाचा हेतू खंडनाचा, दुसऱ्याचा जवळीक साधण्याचा. दोघांच्या निष्कर्षांशी सर्व उलेमा सहमत नाहीत. परंतु बोलण्यापूर्वी दोघांनीही वाचले होते, हे नाकारता येत नाही.

पूर्वग्रंथांत फेरफार किती झाला याविषयी आपल्या विद्वानांत मतभेद आहेत. इमाम इब्ने हज्म यांच्या मते मूळ मजकूरच मोठ्या प्रमाणावर बदलला. शाह वलीउल्लाह देहलवी यांचा कल फेरफार भाषांतरात आणि अर्थ लावण्यात झाला, असे मानण्याकडे आहे. तथापि पुढील कसोटीवर सर्वांचे एकमत आहे. कुरआन हा पूर्वग्रंथांवरील ‘मुहैमिन’ म्हणजे रक्षक आणि परीक्षक आहे (५:४८). जे त्याच्याशी जुळते ते आपण मान्य करतो, जे विरोधी आहे ते नाकारतो आणि ज्याविषयी तो मौन आहे तेथे आपणही निर्णय राखून ठेवतो. ही कसोटी हातात असलेल्या माणसाला दुसऱ्याचे पान उलटताना घाबरण्याचे कारण नाही. मात्र कसोटी लावण्यापूर्वी समोरच्या पानावर नेमके काय लिहिले आहे, हे समजून घेणे आवश्यक आहे.

उतारा काय सांगतो?

येशूचे चरित्र मराठीत नवीन नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले, आणि मत्तयच्या शुभवर्तमानाचे मराठी भाषांतर १८०५ साली बंगालमधील सेरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडले. आपला उतारा याच मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायाच्या अखेरीस येतो.

प्रसंग असा आहे. जैतुनाच्या डोंगरावर बसून येशू आपल्या शिष्यांना अखेरच्या दिवसाविषयी सांगत आहेत. आधी दिव्यात तेल न ठेवणाऱ्या कुमारिकांचा दृष्टांत होतो, मग मालकाने दिलेले धन पुरून ठेवणाऱ्या नोकराचा. त्यानंतर न्यायाचे चित्र येते. ‘मनुष्याचा पुत्र’ वैभवाने सिंहासनावर बसतो, सर्व राष्ट्रे त्याच्यासमोर गोळा होतात, आणि मेंढपाळ मेंढरे व शेरडे वेगळी करतो त्याप्रमाणे तो माणसांना उजवीकडे आणि डावीकडे करतो. माण-खटावच्या माळावर धनगराचा कळप ज्याने पाहिला आहे, त्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. दिवसभर एकत्र चरणारी जनावरे वेगळी करणे धन्यालाच जमते.

मग राजा उजवीकडच्यांना सांगतो की, मला भूक, तहान, परकेपण, उघडेपण, आजार आणि तुरुंग या सहा अवस्थांत तुम्ही सांभाळले. ते चकित होतात. आम्ही तुम्हाला असे कधी पाहिले, असे विचारतात. राजा उत्तर देतो की, माझ्या या भावांपैकी अगदी लहानासाठी जे केले ते माझ्यासाठीच केले. डावीकडच्यांशी हाच संवाद उलट होतो. त्यांनी केले नाही, आणि त्यांनाही आपण कोणाला नाकारले हे ठाऊक नव्हते.

ख्रिस्ती भाष्यकारांनाही हा उतारा सोपा गेलेला नाही. ‘लहान भाऊ’ म्हणजे कोण? काहींच्या मते जगातील प्रत्येक गरजू. काहींच्या मते केवळ येशूचे शिष्य आणि संदेशवाहक, कारण याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात शिष्याला पाणी पाजणाऱ्याला बक्षीस सांगितले आहे. दुसरी अडचण अशी की, मिशनरी ज्या पंथांतून आले त्यांची शिकवण तारण श्रद्धेने मिळते अशी आहे. येथे मात्र श्रद्धेविषयी एकही प्रश्न विचारला जात नाही, केवळ कृतीचा हिशेब होतो. त्यावर त्यांचे उत्तर असे की, कृती ही खऱ्या श्रद्धेची खूण आहे. तिसरी गोष्ट उताऱ्याच्या जागेची. पुढच्याच अध्यायात येशूंना धरण्याचा कट रचला जातो. ख्रिस्ती वाचकाला येथे असे दिसते की, जो राजा स्वतःला कैदी आणि उघडा म्हणवतो, तो दोनच दिवसांनी खरोखर कैदी आणि उघडा होणार आहे. त्यांच्या श्रद्धेनुसार देवाने मानवी देह घेतला, आणि म्हणून मानवी देहाचे दुःख हे देवाचे स्वतःचे दुःख झाले. या उताऱ्यातील ‘मला’ हा शब्द त्यांच्यासाठी अलंकार नाही. तो अक्षरशः खरा आहे.

आपल्याला हे मान्य नाही. परंतु मान्य नसलेली गोष्टही अशी सांगता आली पाहिजे की, सांगलीतील आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्याने ती ऐकून म्हणावे, “होय, आम्ही हेच मानतो.” तेथपर्यंत पोचण्याआधी केलेले खंडन हे आपणच तयार केलेल्या बुजगावण्याचे खंडन असते.

हदीसचे शब्द

आता सहीह मुस्लिम उघडू. नातेसंबंध आणि शिष्टाचार यांच्या किताबमध्ये, आजाऱ्याच्या अयादतीची फजीलत सांगणाऱ्या प्रकरणात, हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीसे कुदसी आहे. तिचा आशय असा: कयामतच्या दिवशी अल्लाह माणसाला विचारील की, मी आजारी होतो, तू माझी विचारपूस केली नाहीस. माणूस म्हणेल, तू तर सर्व विश्वांचा पालनकर्ता. तुझी विचारपूस मी कशी करणार? अल्लाह सांगेल की, माझा अमुक बंदा आजारी होता. तू त्याच्याकडे गेला असतास तर मला त्याच्यापाशी पावला असतास. पुढे अन्नाविषयी आणि मग पाण्याविषयी असाच संवाद होतो.

साम्य उघड आहे. म्हणूनच फरकही बारकाईने पाहिला पाहिजे. उताऱ्यात सहा अवस्था आहेत, हदीसमध्ये तीन. उताऱ्यात दोन गट आहेत. हदीसमध्ये एकटा माणूस उभा आहे, आणि तोही कसूर केलेला. परंतु सर्वांत महत्त्वाचा फरक उत्तरात आहे. मत्तयमध्ये राजा म्हणतो, ‘ते माझ्यासाठीच केले’. हदीसमध्ये अल्लाह आधी ‘माझा बंदा’ असे म्हणतो. म्हणजे आजारी पडला तो बंदा, रब्ब नव्हे. मग ‘त्याच्यापाशी’ असे म्हणतो. ‘त्याच्यामध्ये’ किंवा ‘तोच मी’ असे नव्हे. अरबीतील ‘इन्द’ या शब्दाचा अर्थ जवळ, पाशी असा आहे.

आणखी एक बारकावा आपल्या उस्तादांनी दर्साच्या वेळी दाखवलेला असतो, पण मिंबरवरून तो क्वचितच सांगितला जातो. अन्न आणि पाणी यांच्या बाबतीत शब्द बदलतात: तेथे अल्लाह म्हणतो की, तू दिले असतेस तर ते माझ्यापाशी तुला मिळाले असते. अन्न देणाऱ्याचे पुण्य अल्लाहपाशी जमा होते. आजाऱ्याजवळ बसणाऱ्याला मात्र अल्लाह आजाऱ्यापाशी भेटतो. देण्याचे फळ एका शब्दाने सांगितले आणि जवळ बसण्याचे दुसऱ्या शब्दाने. इमाम नववी (निधन हिजरी ६७६) यांनी नमूद केले आहे की, आजाराचा संबंध अल्लाहने स्वतःशी जोडला तो बंद्याचा सन्मान करण्यासाठी, त्याला आपल्या जवळचा ठरवण्यासाठी. आणि ‘मला पावला असतास’ याचा अर्थ माझा मोबदला आणि माझी कृपा पावला असतास, असा आहे. अल्लाहसारखे काहीही नाही (४२:११), या पायाला कोठेही धक्का न लागता माणसाचा दर्जा उंचावतो.

आपल्या मराठीत दवाखान्यांच्या भिंतीवर एक वाक्य नेहमी दिसते: ‘रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा’. त्यातील ‘हीच’ रुग्ण आणि ईश्वर यांना एक करून टाकते. मत्तयचा ‘मला’ राजाला दुःखिताच्या देहात उतरवतो. हदीसचा ‘पाशी’ दोघांना वेगळे ठेवूनही त्यांच्यात अंतर उरू देत नाही. तीन श्रद्धांचे तीन इमले या तीन छोट्या शब्दांवर उभे आहेत, आणि घाईने वाचणाऱ्याला ते तिन्ही सारखेच वाटतात.

दोन घाईचे निकाल

या साम्यावर दोन प्रकारचे निकाल चटकन दिले जातात. काही मिशनरी लेखक म्हणतात की, हदीस ही मत्तयची नक्कल आहे. आपल्यातील काही त्याला उत्तर देतात की, मत्तयमध्ये जे चांगले आहे ते मूळ इन्जीलचा अवशेष आणि बाकीचे सर्व भेसळ. तिसरा, उदार दिसणारा निकालही आहे: दोन्ही एकच सांगतात, भेद कशाला?

पहिल्याला आपले उत्तर सरळ आहे. गरिबाला देणे हे देवाला दिलेले कर्ज होय, हा विचार मत्तयच्याही पूर्वी बायबलच्या ‘नीतिसूत्रे’ या जुन्या ग्रंथात आहे, आणि कुरआनमध्येही अल्लाहला ‘कर्जे हसना’ देण्याचे आवाहन आहे (२:२४५). सर्व प्रेषितांना पाठवणारा एकच असेल, तर त्यांच्या शिकवणीत साम्य आढळणे हा आरोप नव्हे. आपल्या श्रद्धेनुसार ते अपेक्षितच आहे. परंतु हे उत्तर देऊन झाल्यावर आपणही थांबले पाहिजे, कारण मत्तयमधील कोणते वाक्य मूळचे आणि कोणते नंतरचे, हे ठरवण्याचे काम कुरआनने आपल्या अंदाजावर सोपवलेले नाही.

‘दोन्ही एकच’ म्हणणाऱ्याची अडचण वेगळी आहे. मत्तयच्या चित्रात न्यायासनावर येशू आहेत. कुरआनच्या चित्रात त्याच दिवशी हजरत ईसा (अ.) यांनाच प्रश्न विचारला जातो: मला आणि माझ्या आईला अल्लाहशिवाय उपास्य माना, असे तू लोकांना सांगितलेस काय? ते नम्रतेने नकार देतात, आपण केवळ आज्ञा झाली तेवढेच सांगितले असे म्हणतात, आणि लोकांचा निर्णय अल्लाहच्या हाती सोपवतात (५:११६ ते ११८). एका चित्रात जो न्याय देतो, तो दुसऱ्या चित्रात साक्ष देतो. वधस्तंभाविषयीही कुरआनचा निर्वाळा ख्रिस्ती श्रद्धेहून वेगळा आहे (४:१५७). हा फरक शिष्टाचारापोटी झाकणे म्हणजे दोन्ही धर्मांना गांभीर्याने न घेणे होय. मुलांना आपण हे सांगावे: उताऱ्यातील करुणेची शिकवण आपल्याला मान्य आहे, ती ऐकताना मन भरून आले तर त्यात ईमानाला धक्का नाही, न्यायासनावर कोण आहे याचे उत्तर मात्र आपले वेगळे आहे, आणि ते वेगळे का आहे हे तुम्हाला ठाऊक असले पाहिजे.

रुग्ण हा साधन आहे काय?

आता एक नैतिक प्रश्न उरतो, आणि तो ख्रिस्ती आणि मुस्लिम दोघांनाही सारखाच बोचणारा आहे. मी आजाऱ्याकडे गेलो ते अल्लाह मिळावा म्हणून, तर मग त्या आजाऱ्याचे काय? तो माझ्या पुण्याची पायरी झाला नाही काय? धर्म न मानणारे पुष्कळ लोक धार्मिक सेवेवर हाच आक्षेप घेतात, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही.

दोन्ही ग्रंथपाठांत याचे उत्तर दडलेले आहे. मत्तयमध्ये उजवीकडच्यांना आपण कोणाची सेवा करीत आहोत हे माहीतच नव्हते. त्यांनी भुकेल्याला अन्न दिले ते तो भुकेला होता म्हणून. राजा त्यांना दिसला असता आणि मग त्यांनी अन्न दिले असते, तर ती दरबारी चाकरी ठरली असती. हदीसमध्ये अल्लाह ‘आजारी लोक’ असे म्हणत नाही; ‘माझा अमुक बंदा’ असे म्हणतो. अमुक म्हणजे ज्याला नाव आहे, घर आहे, ज्याच्या उशाशी औषधाची बाटली आहे असा एक विशिष्ट माणूस. अल्लाहपर्यंतची वाट या एका माणसाला ओलांडून जात नाही. ती त्याच्या खाटेपाशीच थांबते. सूरह दहरमध्ये नेक लोकांचे वर्णन येते की, ते गरीब, अनाथ आणि कैदी यांना जेवू घालतात आणि त्यांच्याकडून मोबदला सोडा, आभाराचीही अपेक्षा करीत नाहीत (७६:८, ९). अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी केलेली सेवा घेणाऱ्याला ओझ्यातून मोकळे करते. त्याला कशाचीही परतफेड करावी लागत नाही, श्रद्धा बदलूनही नाही.

येथे मिरजेच्या रुग्णालयाचा विचार करणे भाग आहे. मिशनने आपला हेतू कधी लपवला नाही. औषधाबरोबर शुभवर्तमान पोचवणे हे त्यांचे ध्येय होते. म्हणून त्यांची सेवा खोटी होती, असे पुष्कळदा आपल्यात म्हटले जाते. पण असे म्हणणाऱ्याने सहीह बुखारीतील हजरत अनस (रजि.) यांची रिवायत आठवावी. प्रेषितांची (स.) सेवा करणारा एक यहुदी मुलगा आजारी पडला. प्रेषित (स.) त्याच्या घरी गेले, उशाशी बसले आणि त्याला इस्लामचे आमंत्रण दिले. मुलाने वडिलांकडे पाहिले, वडिलांनी संमती दिली, आणि त्याने इस्लाम स्वीकारला. आजाऱ्याच्या उशाशी आपली श्रद्धा सांगणे हाच जर गुन्हा असेल, तर तो निकाल आपल्यावरही येतो. म्हणून कसोटी आणखी खोल नेली पाहिजे.

ती कसोटी अशी: समोरच्याने नकार दिला तर सेवा थांबते काय? अबू तालिब यांच्या अखेरच्या घटकेला प्रेषित (स.) त्यांच्याजवळ होते, त्यांनी कलमा म्हटला नाही, तरी प्रेषितांच्या (स.) मनातील ओढ आटली नाही. मदीनेत काही मुस्लिमांना आपल्या अनेकेश्वरवादी नातलगांना मदत देणे नकोसे वाटू लागले, तेव्हा त्यांना मार्गावर आणणे ही तुझी जबाबदारी नाही, तुम्ही जे खर्च कराल ते तुमच्याच भल्याचे आहे, अशा आशयाची आयत अवतरली (२:२७२), असे हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून आलेले आहे. सूरह दहरमधील कैदीसुद्धा त्या काळी मुस्लिम नव्हते, हे अनेक मुफस्सिरांनी नोंदवले आहे. ही कसोटी आपण मिशनच्या रुग्णालयाला लावू शकतो, आणि ती लावताना प्रामाणिकपणे हेही मान्य केले पाहिजे की, आपल्या वडीलधाऱ्यांपैकी असंख्य जण त्या रुग्णालयातून बरे होऊन घरी परतले आणि आयुष्यभर नमाजी राहिले.

मग तीच कसोटी आपल्याला लावू. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले. पाणी गळ्यापर्यंत आलेले असताना होडीतून हात देणारा समोरच्याचा धर्म विचारीत नाही. प्रश्न सुरू होतात ते पाणी ओसरल्यावर, मदतीच्या याद्या करताना: हा आपल्यातला की त्यांच्यातला? आपल्यातला असेल तर कोणत्या मसलकचा? कोणत्या मशिदीत येतो? नमाजला दिसतो का? जकातीच्या वाटपाला फिकहचे स्वतंत्र नियम आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. पण ऐच्छिक सदका, औषध, रक्त आणि विचारपूस यांना तशी कुंपणे शरीअतने घातलेली नाहीत. ती आपण घातली आहेत. रमजानमध्ये धान्याची पिशवी देताना विधवेला छायाचित्रासाठी उभे करणारा तिच्याकडून आभार नव्हे, तर पुरावा मागतो. सूरह दहरमधील माणसे यांतले काहीच मागत नव्हती.

उतारा कोणाचा, हदीस कोणाची, आधी कोण आणि नंतर कोण, यावर आपण तासन् तास बोलू शकतो. दोन्ही पाठांत मात्र कसूर केलेला माणूस ज्ञान कमी पडले म्हणून दोषी ठरत नाही. हदीसमधल्या माणसाला तौहीद चांगली ठाऊक आहे. अल्लाह आजारी पडत नाही, हे तो कयामतच्या मैदानातही अचूक सांगतो. त्याचा सिद्धांत बरोबर आहे. तो केवळ गेला नव्हता. आपल्यासारख्या, शुद्ध अकीद्याचा योग्य अभिमान बाळगणाऱ्या लोकांना यापेक्षा गंभीर इशारा कोणता असू शकेल? त्या दिवशी आपले उत्तर बरोबर असेल आणि तरीही प्रश्न संपलेला नसेल.

मिरजेत आजही दूरदूरच्या गावांहून, सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही, रुग्ण येतात. भेटीच्या वेळी कोणत्याही वॉर्डात जाऊन पाहावे. आपल्या एका रुग्णाभोवती दहा नातलग उभे असतात, डबे उघडलेले असतात, गप्पा चाललेल्या असतात. आणि शेजारच्या खाटेवर जत किंवा आटपाडीकडचा एखादा म्हातारा छताकडे पाहत पडलेला असतो, कारण त्याच्या मुलाला रोजंदारी बुडवून येणे परवडलेले नसते. आपल्या रुग्णाची अयादत हा त्याचा हक्क आहे. ती थोडक्यात करावी, त्याला थकवू नये, हा सुन्नतचा शिष्टाचार आहे. मग चार पावले सरकून शेजारच्या खाटेपाशी जावे. त्याचे नाव विचारावे. पाणी हवे का, घरी फोन लावून द्यायचा का, एवढेच विचारावे. तो कोणत्या धर्माचा आहे हे नावावरून कळेल. त्याने पुढच्या वाक्यात काही फरक पडू देऊ नये.

अल्लाह आपल्या सर्वांना दुसऱ्याचे म्हणणे न्यायाने समजून घेण्याची, आपला अकीदा ज्ञानाने आणि नम्रतेने सांभाळण्याची, आणि ज्याच्यापाशी त्याची कृपा सापडते त्या बंद्यापर्यंत चालत जाण्याची तौफीक देवो. आमीन.